दुसरं बटण

"पुन्हा लाव," आनंदीबाई म्हणाल्या. हडपसरच्या त्या एडिटिंगच्या खोलीत खुर्ची रिकामी होती, पण त्या बसत नव्हत्या.

अनंतने सातव्यांदा सीन लावला. आठ वर्षांनी मुलगा दारात येतो आणि आई त्याच्याकडे बघते, एवढाच सीन. मुलगा झालेल्या हिरोचं शूटिंग हैदराबादला, हिरव्या पडद्यापुढे, एकट्याचं उरकलेलं. आईचं, म्हणजे आनंदीबाईंचं, इथे पुण्यात. मायलेकरांची गाठ पडली ती थेट कॉम्प्युटरवर.

शूटिंगला हिरोच्या जागी काठीवर लाल चेंडू लावला होता. चाळीस वर्षं नाटकात काढलेल्या बाई. चेंडूकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी कुठून येणार? शेवटी त्यांनी लाइटवाल्या भैरूला तिथे उभं केलं. मग जे काम झालं, त्यानंतर सेटवर कोणी चहासुद्धा मागितला नाही. भैरू हिरोपेक्षा फूटभर बुटका आहे, हे मात्र त्या भरात सगळेच विसरले.

आता आई मुलाच्या डोळ्यांत न बघता त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघून रडत होती.

"चेंडूवाला टेक घेतो, ताई," अनंत म्हणाला. "त्यात नजर बरोबर आहे. चारला डायरेक्टरचा फोन येईल."

"नजर बरोबर आहे. बाई मेलेली आहे."

"मग या टेकमधले डोळे वर उचलू का?" हिरोचं चित्र दारात बसवणाऱ्या हुस्नबानूने कॉम्प्युटरवरून मान वळवली. "जमतं ते."

"माझे डोळे मला राहू देत, बाई."

त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. जिवाची नुसती तगमग चालली होती. असं काम आयुष्यात एकदाच होतं, आणि ते एका बटणापायी फुकट जायचं! पावणेचार झाले. त्या पडद्याशी येऊन वाकल्या.

"हुस्नबानू, हे बटण काढता येईल?"

"काढायचं?"

"तुटलंय असं दाखव. दोरा तेवढा लोंबू दे."

वीस मिनिटांनी सीन पुन्हा लागला. आईची नजर शर्टावर गेली, तिथेच अडकली, भरून आली. डायलॉग विसरून हिरोने मान खाली घातल्याचा एक तुकडा अनंतने टाकून दिला होता. तो त्याने आता आईच्या नजरेमागोमाग जोडला. मुलगा ओशाळला.

अनंतचा फोन वाजत होता. तो उचलायचं त्याला सुचलं नाही.

आनंदीबाईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून उघडली होती आणि पडद्यावरच्या शर्टाकडे हात नेला होता.

"ताई," हुस्नबानू हळूच म्हणाली, "तो इथे नाहीये."

"मी रडले तेव्हा तरी कुठे होता?"