सुरमईतला काटा

हेमांगी कुबलच्या दातांखाली काटा आला आणि ती चपापली. वेंगुर्ल्याच्या या कारखान्यात सुरमई टाकीत वाढवत, पेशींपासून. तिला ना डोकं असे, ना शेपूट, ना काटा. समुद्रातल्या मासेमारीवर बंदी येऊन अकरा वर्षं झाली होती आणि सरकारी तपासनीस म्हणून हेमांगी दर महिन्याला इथे चव घ्यायला येई.

"यात काटा कसा, दळवीसाहेब?"

व्यवस्थापक दळवी हसला. "नवा प्रकार आहे मॅडम. लोकांना काट्याचीच हौस."

"मग टाकी दाखवा."

"आज धुवायला काढलीय."

मागच्या महिन्यातही ती धुवायलाच काढली होती. हेमांगीने वहीतली ती नोंद त्याच्यापुढे सरकवली, तसं त्याचं हसू मावळलं.

"टाक्या नासल्या," तो हळूच म्हणाला. "दोन महिने झाले. चाळीस शाळांचं जेवण इथून जातं. पोरांना काय देऊ? चोरून होड्या पाठवतो."

"उद्यापासून डाळ द्या," ती म्हणाली. उरलेला तुकडा नमुना म्हणून पिशवीत घालायला तिने ताट पुढे ओढलं. ताट रिकामं होतं. बोलता बोलता तिनेच ते चाटूनपुसून संपवलं होतं.