रूट

आमच्या गावच्या संग्रहालयात मी सकाळपासून तीन हार्डडिस्क पुन्हा जोडू बघत होतो आणि मशीनमधल्या लिनक्सचं एकच पालुपद: डिस्क पुरेशा नाहीत. तीनपैकी एक मेली तर उरलेल्या दोघींवर भागतं. इथे दोन मेल्या होत्या. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे आवाज त्यांत होते, शेजारी उभ्या कोरलबाईंच्या नवऱ्याचा, मर्व्हचाही.

"पहिली डिस्क मार्चमध्येच गेलीय, बाई!" मी म्हणालो. " तेव्हापासून मशीन रोज तुम्हाला इशाऱ्याचा ईमेल करतंय. वाचता का नाही?"

"कुणाचे ईमेल?"

"रूटचे. मशीनच्या मुख्य खात्याचं नाव आहे ते."

कोरलबाई लालबुंद झाल्या. आम्हा ऑस्ट्रेलियन लोकांत रूट म्हणजे अंथरुणातला कार्यक्रम.

"मर्व्हला पुरून महिना नाही झाला, तोच रोज सकाळी रूट, रूट! मला वाटलं, कुणी चावट मेला विधवेच्या मागे लागलाय. न उघडताच पुसून टाकले सगळे."

मी कपाळावर हात मारला. आता हे आवाज कायमचे गेले.

"माझ्यावर काय डोळे वटारतोस?" त्या कडाडल्या. "त्या मशीनला माझा पत्ता दिला कुणी?"

"मर्व्हने. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी."