ताईची ओवाळणी

"दंडातली चकती आता बंद करावीच लागेल," डॉ. कर्णिक म्हणाल्या. "न्यूमोनिया पसरतोय. चकतीनं बांधलेलं विकर मोकळं झालं, की ते रोगप्रतिकारक पेशींना हल्ल्याचा निरोप देईल. मग त्या जंतूंवर तुटून पडतील."

"आणि ताईच्या मूत्रपिंडावर?" हेरंबनं विचारलं.

"त्यालाही त्या परकंच समजणार. पण काळजी करू नका, कृत्रिम मूत्रपिंड तयार आहे."

मालूताईनं त्याला आपलं मूत्रपिंड दिलं, त्या वर्षी भाऊबीजेला तिनं ओवाळणी घेतली नव्हती. "साडी नको मला. दर भाऊबीजेला तांब्याभर पाणी पी, मला पोचेल," असं ती हसत म्हणाली होती. ती गेल्यावरही त्यानं एकही भाऊबीज चुकवली नव्हती.

"भाऊबीजेपर्यंत थांबता येईल?"

"तोवर तुम्ही तग धरणार नाही."

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं तांब्या भरून आणला. धापा टाकत, घोट घोट करत त्यानं तो रिकामा केला. डॉक्टरांनी चकतीकडे हात नेला, तसा त्यानं पोटावर तळवा ठेवला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "तिला पोचू दे."