नुसत्या पाण्याची कुंडी

माझी नात किंजल हिने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आमच्या पाम गावातल्या घराच्या ओट्यावर झेंडूच्या चार कुंड्या मांडल्या. एकीला मासळी धुतलेलं पाणी, दुसरीला भाताची पेज, तिसरीला ताक. आणि चौथीला, फरक कळावा म्हणून, नुसतं पाणी. माझ्या सासूबाई सफाळ्याच्या घरी अंगणात शेवंतीला मासळीचं पाणीच घालायच्या, पण तेव्हा त्याला प्रयोग म्हणत नसत.

सगळ्यात जास्त फुलं चौथ्या कुंडीला आली. सरांनी फोटो पाहिला आणि किंजलला सांगितलं, "हिला कुणी काय घातलं ते घरी विचारून ये, नाहीतर प्रोजेक्ट बाद."

संध्याकाळी तिने सगळ्यांना ओट्यावर उभं केलं. "खरं सांगा," म्हणाली.

कामाला येणारी कमळी आधी बोलली. "बाय, त्या तिघींना रोज जेवण आन् ही बापडी उपाशी. बगवत नाय. मी बोंबील धुतलेलं पाणी टाकलं."

"मी पेज घातली," माझी सून स्वाती म्हणाली. "पण उरलेलीच हं."

माझा मुलगा नीलेश घसा खाकरून म्हणाला, "मी फक्त रविवारी. थोडं ताक. रविवार सगळ्यांनाच असतो."

किंजल रागावली नाही. ती त्या कुंडीपाशी जाऊन बसली. मग हळूच म्हणाली,



"मला वाटलं, मी एकटीच घालतेय."