चार मिनिटं

वसाहतीने पेट्रोल सोडून बघायचं ठरवलं, तेव्हा आगाशांकडे ही दोन माणसांपुरती विजेची गाडी आली. वर्षभर चालवून बघायच्या बोलीवर. घरच्यांच्या सवयी ती आपसूक शिकायची.

आजही अरविंद आगाशे आत बसले, तरी गाडी फाटकाशी तशीच उभी राहिली. त्यांच्या पत्नी कुमुदताई कुलूप लावून तीनदा ओढून बघायच्या, मग गॅस बंद केलाय ना म्हणून पुन्हा कुलूप उघडून आत जायच्या. चार मिनिटं ठरलेली. तिसऱ्या मिनिटाला गाडीने आपणहून हॉर्न दिला. आधी एकदा, मग चिडून लांबलचक, अगदी आगाशे वाजवायचे तसा. दाराला कुलूपच होतं. कुमुदताईंना जाऊन दोन महिने झाले होते.

वर्षअखेरच्या तपासणीला आलेली कंपनीची मुबीना बाहेर उभी होती. ती ओशाळली. "काका, ही खोड काढून टाकते. पाच मिनिटांचं काम आहे."

आगाशे शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले.

"हॉर्न तेवढा काढ, पोरी," ते म्हणाले. "थांबणं राहू दे."