पाठमोरा मुलगा

"काका, पुन्हा तोच मुलगा?" नव्याने आलेल्या निर्मातीने कपाळाला हात लावला. जेमतेम पंचविशीची पोर.

वाहिनीत सगळे त्यांना कात्रीकाका म्हणत. बातम्यांची दृश्यं कापायची आणि जोडायची, हे त्यांचं काम. एडिटिंगच्या खोलीत एसीचा गारठा, म्हणून काका दिवसभर कानटोपी घालून बसत. फारसं कोणाशी बोलत नसत. बोलायला यायचंच कोण म्हणा!

पडद्यावर सहा सेकंदांचं दृश्य होतं. पायरीवर पाठमोरा बसलेला मुलगा, मान खाली, डोक्यावर ठसठशीत दोन भोवरे. तरुणांची बातमी आली की काका त्याला लावत. व्यसनं वाढली? हा. बेकारी? हा. आईबापांना विचारत नाहीत? हाच. सगळ्या गावाची पापं बिचाऱ्याच्या पाठीवर.

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. घटस्फोटाच्या बातमीत दोन्ही मोडा आता याची," ती हसली. "पण दर वेळी हाच का?"

"तक्रार करत नाही. बाकीचे फोन करून भांडतात, बदनामी केलीत म्हणून. याने आजवर ब्र काढला नाही."

ती हसायची थांबली. "असा का बसलाय हो तो?"

काकांचा माउसवरचा हात थबकला. हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

"नोकरीच्या मुलाखतीला आला असेल," ते म्हणाले. "नाही मिळाली तर घरी काय सांगायचं, याची उजळणी करत असेल."

"मग त्यालाच बोलवू या! समोरून दाखवू. आपण एवढं सगळं त्याला चिकटवलं, एकदा त्याचंही ऐकू. पाचपर्यंत शोधा, काका. नाही सापडला तर हा शॉट कायमचा काढून टाका."

काकांनी पडद्यावरच्या पाठीकडे पाहिलं. तो मुलगा गेला तर या खोलीत त्यांच्या ओळखीचं कोणीच उरणार नव्हतं.

पाच वाजता तिने दारातून डोकावून विचारलं, "सापडला?"

शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण समोरून दाखवणार म्हणे! काकांनी कानटोपी खाली ओढली.

"नाही. इतक्या वर्षांनी कुठे असेल कोण जाणे."

"जाऊ दे मग," ती म्हणाली आणि गेली. दृश्य पुसायची कळ काकांनीच दाबली.

इमारतीच्या पायऱ्यांवर ते जरा वेळ रेंगाळले. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये शिरले. न्हाव्याने कानटोपी काढून बाजूला ठेवली, केस कापले आणि सवयीने डोक्यामागे आरसा धरला.

"मागून बघून घ्या, साहेब. ठीक आहे?"

काका बराच वेळ बघत राहिले. चोवीस वर्षांत केस तेवढे पांढरे झाले होते. भोवरे मात्र दोन्ही जागच्या जागी होते.