स्टेजवरून फोन

शेवटच्या गाण्याआधी दिवे मंद व्हायचे आणि गायिका स्टेजवरूनच आईला फोन लावायची. "जेवलीस का गं?" हा आईचा आवाज त्या अवाढव्य स्पीकरांतून घुमला की वीस हजार माणसांच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. "नाही गं, तुझ्या हातचं हवंय," ती म्हणायची, आणि टाळ्या थांबता थांबायच्या नाहीत.

पहिल्या शोला तो फोन खराखुरा होता. पण ऐन वेळी लागला नाही तर फजिती नको, म्हणून दुसऱ्या शोपासून साउंडवाला त्याच फोनचं रेकॉर्डिंग लावायला लागला.

एकतीस शो संपवून ती घरी आली. दारातच आईनं विचारलं, "जेवलीस का गं?"

"नाही गं, तुझ्या हातचं हवंय," ती म्हणाली आणि सवयीनं टाळ्यांसाठी थांबली. मग ओशाळून चपला काढायला खाली वाकली.

"चला, आज कुकर लावते बाई," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझा शो असला की संध्याकाळी लावतच नाही मी. न जाणो, तुझा फोन यायचा नि मध्येच शिट्टी व्हायची! एवढ्या लोकांत तुझं हसं नको." झाकण बसवता बसवता ती थांबली. मागे न वळताच म्हणाली, "एक विचारू? स्टेजवरून परत कधी फोन केला नाहीस. मी त्या दिवशी काही चुकीचं बोलले होते का गं?"